फोन कढईजवळ धर

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्री साडेआठच्या सुमाराला लेकीचा फोन आला. ती बफेलोला शिकते, न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून गाडीने सहा तासांवर. पहिलंच वर्ष. व्हिडिओ लावलेला होता, पण चेहरा दिसत नव्हता. दिसत होता हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर कुणाकडून तरी मागून आणलेलं नॉनस्टिक पॅन, आणि मागच्या खिडकीच्या काचेला चिकटलेला बर्फ. एरी सरोवरावरून वारं सुटलं की तिथे असा बर्फ पडतो की समोरची इमारत पुसली जाते. "आई," ती म्हणाली, "मला घरचं खायचंय. आपली न्योकी कशी करायची सांग ना. ती एका तव्यातली."

न्योकी म्हणजे बटाटा आणि मैद्याचे छोटे इटालियन गोळे. मी सांगायला लागले. दोन चमचे तेल घाल. चमचा म्हणजे पोहे खायचा नाही, वाढायचा. लसणाच्या सहा पाकळ्या, ठेचायच्या नाहीत, काप करायचे. तेल तापलं की टाक, कडा बदामी दिसायला लागल्या की काढून ठेव, नाहीतर पुढे करपतील. मग पाकीट फोडून न्योकी थेट तेलात. उकडायची नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. एका थरात पसर आणि हात लावू नको. "किती वेळ?" तिने विचारलं. तीन मिनिटं असतील, चार असतील, मी कधी घड्याळ बघितलेलं नाही. खालची बाजू सोनेरी झाली की न्योकी आपणहून तवा सोडते, तोवर धरून बसते. मग छोटे टोमॅटो, अख्खेच, मीठ आणि सुक्या मिरचीचा चुरा. टोमॅटो फुटून रस सुटला की अर्धी वाटी पाणी आणि वर झाकण. पालक अगदी शेवटी, दोन मुठी. ताजं मोझ्झारेल्ला चीज हाताने तोडून वर टाकायचं आणि पुन्हा झाकण, म्हणजे वाफेवरच वितळतं. "आणि लसूण परत कधी घालायचा?" ती म्हणाली. ते मी सांगायचं विसरलेच होते.

पंचवीस मिनिटांत तिचं झालं. मधे एकदा तिने विचारलं, "बरोबर चाललंय का?" आणि फोन पॅनवर धरला. चित्र हलत होतं, वाफेने धूसर झालं होतं. मी म्हटलं, थांब, दाखवू नकोस, ऐकव. तिने फोन खाली नेला. कोरडा, तडतडता आवाज येत होता. पाणी सुटलेलं नव्हतं, तेल पुरेसं तापलेलं होतं. चाललंय, म्हटलं. मग तिने पॅनमधूनच खाल्लं, फुंकर घालत, एकेक. ओठांना चटका बसल्यावर ती लहानपणी करायची तसाच 'हाह्' आवाज केला. थोड्या वेळाने कुणी मैत्रीण आली, तिने फोन ठेवला. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिले.

घरचं, म्हणाली होती ती. आणि आपली.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. इतक्या साध्या गोष्टीचं वाईट वाटावं याचं आणखी वाईट वाटत होतं. मुलगी उपाशी झोपली नाही, स्वतःच्या हाताने करून खाल्लं, आईला विचारून केलं. कुठल्याही आईला बरं वाटावं अशीच ही गोष्ट. पण अठरा वर्षांत या घरात मी काय काय केलं ते एकामागून एक डोळ्यांपुढे यायला लागलं. दर गणपतीला एकवीस मोदक, पाकळ्या मोडू नयेत म्हणून श्वास रोखून. होळीला अर्धा दिवस रजा टाकून पुरण. संक्रांतीला गुळाची पोळी. इथल्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून रविवारी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून थापलेल्या भाकरी. तिने हे सगळं आवडीने खाल्लं, त्यात खोट नाही. पण परक्या गावात, बर्फात, एकटी असताना तिच्या जिभेवर आलं ते पाकिटातलं. ज्या दिवशी माझ्याच्याने काहीच झालं नाही त्या दिवसाचं जेवण. मी त्याला कधी स्वयंपाक म्हटलेलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मला अजून स्पष्ट आठवतात. मी एका लॅबमध्ये काम करते, घरी यायला साडेसहा होतात. डिसेंबर-जानेवारीत इथे साडेचारलाच अंधारून येतं, त्यामुळे साडेसहाला मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं. धाकट्याला पोहण्याच्या क्लासहून आणायचं, त्याचे केस ओले, टोपी घातलेली नाही. नवरा न्यूयॉर्कहून लोकलने येतो, स्टेशनवरून घरी पोहोचेपर्यंत आठ. कणीक भिजवायची ताकद हातात नसते. कुकर लावायचा तर डाळ भिजवलेली नसते. अशा वेळी मी कोटसुद्धा न काढता गॅस पेटवायची आणि बिडाचा तवा चढवायची. आमचा तो तवा खोलगट आहे, इतका जड की दोन्ही हातांनी उचलावा लागतो, आणि तापायला वेळ घेतो. तेवढ्या वेळात कोट काढायचा, हात धुवायचे, लसूण सोलायचा. लसणाचा वास जिन्यावरून वर गेला की लेक खाली यायची. तिला हाक मारावी लागायची नाही. ताटं मांडायची नाहीत, तवाच टेबलाच्या मधोमध लाकडी पाटावर ठेवायचा, चौघांनी चार काटे घेऊन बसायचं. खालचे करपलेले, कुरकुरीत तुकडे कुणी घ्यायचे यावरून दोघांची भांडणं. टेबलावर गृहपाठाच्या वह्या तशाच पडलेल्या असायच्या, त्यांवर टोमॅटोचे डाग. धुवायला एक भांडं.

तो तवा मुळात आमचा नाही. शेजारच्या आजींचा. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे आईवडील नेपल्सजवळच्या आवेल्लीनो भागातून आलेले, आणि आजींचा जन्म न्यू जर्सीतल्याच नेवार्क शहराच्या फर्स्ट वॉर्डातला. इटालियनांची ती मोठी दाट वस्ती होती. 1950च्या दशकात सरकारी इमारती बांधायच्या म्हणून ती पाडली. पुढे त्या इमारतीही पाडल्या गेल्या. आजी तिथल्या गल्ल्या अजूनही बोटाने हवेत काढून दाखवायच्या: इथे बेकरी, इथे आमचा जिना, इथे अंजिराचं झाड, हिवाळ्यात त्याला गोधडीत गुंडाळून ठेवायचो. उरलं आहे ते सेंट लूसीचं चर्च. तिथे दर ऑक्टोबरात सेंट जेरार्डची मिरवणूक निघते, आणि लोक मूर्तीला नोटा टाचतात. लेकीच्या वेळी मला सातवा महिना होता तेव्हा आजी मला तिथे घेऊन गेल्या. सेंट जेरार्ड गरोदर बायांचा रखवालदार. तिथून आणलेला एक पांढरा रुमाल त्यांनी माझ्या हातात दिला आणि पोटावर ठेवून झोपायला सांगितलं. आईने ओटीसाठी पाठवलेला खण आणि तो रुमाल मी एकाच डब्यात ठेवले. अजून आहेत.

आजी मोझ्झारेल्लाला 'मुत्सादेल' म्हणायच्या, रिकोत्ता चीजला 'रिगॉट'. शब्दांची शेपटं त्या कापूनच टाकायच्या. त्यांच्या नातवाने शाळेत इटालियन घेतलं तेव्हा तो त्यांना सुधारायला लागला. आजी कधी चिडायच्या नाहीत, फक्त एवढंच म्हणायच्या की माझी आई असंच बोलायची. मला ते तेव्हा गोड वाटायचं. मग मीच एकदा सुट्टीत गावी गेले असताना जेवायला बसता बसता विचारलं, "कोरड्यास काय केलंय?" आणि माझी भाची खळखळून हसली. तिच्या तोंडी आता सगळीकडे 'भाजी' आहे. तो शब्द तिने तिच्या पणजीनंतर ऐकलेलाच नव्हता. मी माझ्या मनात जे गाव जपून आणलं होतं ते तिथे नव्हतंच, माझ्याकडेच तेवढं राहिलं होतं.

न्योकी हाताने करायला मला आजींनी शिकवलं. बटाटे जुने हवेत, पिठूळ, साली जाड झालेले. नव्या बटाट्यात पाणी फार. ते उकडायचे नाहीत, सालासकट भट्टीत भाजायचे, म्हणजे असलेलं पाणीही निघून जातं. मग बोटं पोळत असतानाच सोलायचे आणि चाळणीसारख्या दाबयंत्रातून काढायचे. ओट्यावर पांढरा, हलका ढीग पडतो, भुरभुरत्या बर्फासारखा. किलोभर बटाट्याला पावकिलोच्या आसपास मैदा. आजींचा सगळा धडा या मैद्यातच होता. गोळा हाताला चिकटायला लागला की तो मैदा मागतो, प्रत्येक वेळी मागतो, आणि आपण द्यायचा नाही. जितका जास्त मैदा, तितकी न्योकी दडस. आणि मळायचं तर मुळीच नाही, नुसतं गोळा करायचं, जसं झोपलेलं मूल उचलावं. मला हे फार जड गेलं. माझ्या हातांना कणीक तिंबायची सवय, तळव्याच्या टाचेने रेटून. आजी माझं मनगट धरून थांबवायच्या.

मग वळ्या करून अंगठ्याच्या पेरभर तुकडे कापायचे, आणि प्रत्येक तुकडा काट्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबत खाली घसरवायचा. एका अंगाला रेघा उमटतात, दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा खळगा पडतो. रेघांत रस अडकतो, खळग्यात रस साठतो. शिवाय खळग्यामुळे मधला भाग कच्चा राहत नाही. उकळत्या पाण्यात टाकली की न्योकी तळाला जाते, आणि शिजली की आपली आपण वर तरंगते. लेक तेव्हा पाच वर्षांची असेल, स्टुलावर उभी राहून एकेक वर येणारी मोजायची.

दुसऱ्या दिवशी उरलेली न्योकी आजी या बिडाच्या तव्यात तेलावर परतायच्या. खरी चव दुसऱ्या दिवशीच, असं त्यांचं मत. तव्यावरच्या न्योकीची मूळ गोष्ट एवढीच. पुढे पाकिटं आणली तेव्हा मी आजींना ते सांगायला संकोचले होते. त्यांनी त्यांचं फडताळ उघडून दाखवलं: आत तीन पाकिटं. बुधवारी संध्याकाळी कोण बटाटे भाजत बसणार, असा त्यांचा प्रश्न. मुलाकडे राहायला जाताना त्यांनी तवा मला दिला. साबण लावू नकोस, एवढंच बजावलं.

न्योकी या शब्दाची आमच्या घरात आणखी एक गोष्ट आहे. लेक रविवारच्या मराठी शाळेत जायची. सात वर्षांची असताना बाईंनी मुळाक्षरांचा तक्ता दिला: प्रत्येक अक्षराखाली रिकामी चौकट, आपण आपलं चित्र काढायचं. क कमळाचा, ख खडूचा. आमच्या लहानपणच्या अंकलिपीत ङ आणि ञ यांच्या चौकटीत चित्रच नसायचं, आणि त्याचं मला उगाच वाईट वाटायचं, वर्गात कुणी डबा न देणाऱ्या मुलासारखं. लेकीने ञ च्या चौकटीत दहा-बारा लंबगोल काढले, प्रत्येकावर तीन रेघा, आणि खाली लिहिलं: ञोक्की. मी म्हटलं, अगं, हा मराठी शब्द नाही. ती म्हणाली, पण आवाज तोच आहे. आवाज खरंच तोच आहे. इटालियनमध्ये जी-एन ही अक्षरं जोडून येतात तेव्हा जीभ टाळूला अशीच टेकते, ञ म्हणताना टेकते तशी. हजारो वर्षं मुळाक्षरांत बसून राहिलेल्या त्या अक्षराला माझ्या मुलीने एक शब्द मिळवून दिला होता. बाईंनी त्यावर लाल पेनाने 'छान' लिहिलं. मी तो तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावला. त्या रात्री, फोननंतर, जाऊन पुन्हा बघितला. कागद पिवळा पडलाय.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक अर्जेंटिनाची बाई काम करते. दुसऱ्या दिवशी तिला हे सगळं सांगितलं तर ती आधी ऐकतच राहिली आणि मग म्हणाली, काल तारीख काय होती? त्यांच्याकडे महिन्याच्या 29 तारखेला न्योकी करतात. तिकडे इटालियन लोक लाखांनी जाऊन वसले, आणि महिनाअखेरीला खिशात काही उरायचं नाही, पगार पुढच्या महिन्यात. घरात बटाटे आणि पीठ असणारच. म्हणून 29 ला न्योकी. जेवताना ताटलीखाली एक नोट सरकवून ठेवायची, म्हणजे येणारा महिना बरा जातो. संत पांतालेओनची एक कथाही त्याला जोडलेली आहे. तिची आई नोट कुठून तरी उसनी आणायची आणि जेवण झालं की परत करायची. रोममध्ये तारीख नाही, वार ठरलेला: गुरुवारी न्योकी, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य असायचं, म्हणून आदल्या दिवशी पोटाला आधार होईल असं काहीतरी. वार बघून चूल पेटवणारी आपलीच माणसं मला त्यात दिसली. बोलता बोलता मी बटाट्याला बटाटाच म्हणत होते आणि तिच्या डोळ्यांपुढे रताळं येत होतं, कारण तिच्या स्पॅनिशमध्ये बटाटा म्हणजे रताळं. आपल्याकडे हा शब्द पोर्तुगीजांनी आणला. कंदही त्यांच्याच जहाजांतून आला, दक्षिण अमेरिकेतून. तिच्या गावाकडचा कंद आणि माझ्या तोंडातला शब्द, दोघांचा प्रवास जवळजवळ एकच, फक्त माझ्याकडे येताना शब्दाने कंद बदलला. पण त्यावर मी फार वेळ थांबू शकले नाही. माझ्या डोक्यात महिनाअखेर घोळत होती.

कारण आमच्याकडेही महिनाअखेर होती, आणि तिचं जेवण ठरलेलं होतं.

शेंगोळे.

वडील पारनेर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्या भागात पाऊस पडला तर पडला. हलक्या, मुरमाड रानात हुलगे तेवढे येतात, कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात ते. बैलांना भिजवून घालायचं धान्य. महिन्याचा शेवटचा आठवडा, पगाराला चार-सहा दिवस, बाजाराचा वार लांब, घरात भाजी नाही, आणि थंडी अशी की अंगणातलं पाणी हातात घेववत नाही. अशा संध्याकाळी आई परातीत हुलग्याचं पीठ घ्यायची, त्यात मूठभर गव्हाचं, नाहीतर ते तुटतं. पाट्यावर वाटलेला लसूण, मिरची, जिरं, हळद, मीठ. घट्ट मळायची. मग तेलाचा हात लावून दोन तळव्यांमध्ये गोळी घ्यायची आणि तळवे एकमेकांवर घासत बारीक वळी सोडायची, सापासारखी खाली उतरणारी, आणि टोकाला टोक जोडून कडं करायची. सुपात कडी मांडली जायची, रांगेने. चुलीवर कढईत तेलात ठेचलेला लसूण पडला की सगळ्या घरभर वास. लाल तिखट, पाणी, आधण. पाणी खळखळा उकळायला लागलं की कडी एकेक करून सोडायची. उकळी फुटली नसताना टाकली तर विरघळून पिठलं होतं. शिजता शिजता रस्सा आपोआप दाट होतो, मातीच्या रंगाचा. वर कच्चं तेल, शेजारी फोडलेला कांदा. आम्ही भावंडं चुलीपाशीच बसायचो, ताटल्या मांडीवर. कपाळावर घाम यायचा.

आई मात्र ताट देताना दर वेळी म्हणायची, "आज काही नाही, नुसते शेंगोळेच आहेत." आवाज किंचित खाली आणून. पाहुणे असले तर ती शेंगोळे कधीच करायची नाही. एकदा संध्याकाळी शाळेचे तपासणी अधिकारी अचानक आले, तर तिने वळलेली कडी सुपासकट माडीवर नेऊन ठेवली आणि शेजारून अंडी आणून कालवण केलं. आम्ही तेव्हा हिरमुसलो होतो. तिच्या चेहऱ्याकडे कुणी बघितलं नाही.

2001 साली लग्न होऊन मी इथे आले. पहिल्याच हिवाळ्यात, नवरा कामाच्या दौऱ्यावर असताना, एका संध्याकाळी मला शेंगोळ्यांची इतकी भूक लागली की पोटात कळ यावी. भारतीय दुकानात हुलग्याचं पीठ मिळालं, धूळ बसलेल्या पिशवीत. तेव्हा पाच डॉलरचं टेलिफोन कार्ड मिळायचं, नाण्याने खरवडून नंबर काढायचा, आणि मिनिटं मोजून बोलायचं. मी आईला पाणी किती घालू विचारलं. तिला ते सांगताच येईना. "अगं पाण्याला काय माप? आधण कळतं." मला कळत नाही गं, मी म्हटलं, आणि बहुतेक रडले. तिकडे थोडा वेळ काही आवाज नाही. कार्डातली मिनिटं जात होती. मग ती म्हणाली, "फोन कढईजवळ धर."

मी लांब वायरचा फोन गॅसपर्यंत ताणून धरला. हाताला वाफ लागत होती. सात समुद्रांपलीकडे, पहाटे, आई माझ्या पातेल्यातलं पाणी ऐकत होती. पाणी आधी सळसळलं, मग बुडबुड करायला लागलं, मग तो भरलेला, गोल आवाज. "आता टाक," ती म्हणाली. कार्ड संपलं.

त्यानंतर दोन वर्षांनी डिसेंबरात पहिल्यांदा माहेरी गेले. आईने आठवडाभर तयारी केली होती. पुरण शिजवून ठेवलेलं, अळूच्या वड्या, गुळपोळ्या, माझ्यासाठी खास सांगून आणलेलं खरवसाचं दूध. मी घरात पाऊल ठेवलं, तिच्या गळ्यात पडले आणि म्हटलं, आई, शेंगोळे कर ना. तिचे हात माझ्या पाठीवर होते ते थांबले. "एवढ्या लांबून आलीस आणि हुलगे मागतेस?" तिने हसून म्हटलं, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसलेलं नव्हतं. मला वाटलं, तिला श्रम पडले म्हणून. रात्री तिने शेंगोळे केले. खरवस तसाच राहिला. ती माझ्या ताटात वाढत राहिली, "अजून घे," आणि स्वतः पुरणपोळीचा तुकडा मोडून बसली होती, न खाता. तो तुकडा मला इतकी वर्षं आठवला नव्हता. बफेलोचा फोन ठेवला त्या रात्री आठवला.

परवा शनिवारी मी फ्रीझरमधून हुलग्याचं पीठ काढलं. आई दोन वर्षांपूर्वी इथे आली होती तेव्हाचं, तिने कापडी पिशवीत घालून वर सुतळीची गाठ मारलेलं. ती गाठ सोडायला जिवावर आलं, तिला हात न लावता पिशवी कडेने उसवली. पीठ मळलं, टाचेने रेटून, मनगट धरायला कुणी नव्हतं. बिडाच्या तव्यात शेंगोळे मावतात का ते बघायचं होतं. मावतात, चौघांपुरते. तेल तापलं, लसूण टाकला, आणि दोन मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. धाकटा खाली आला. चौदा वर्षांचा आहे, आता माझ्यापेक्षा उंच. "न्योकी?" त्याने विचारलं, वास घेत.

नाही, शेंगोळे. ये, वळायला बस.

तो बसला. तळव्यांत वळी सोडायला त्याला जमेना, मधेच तुटायची. थोडा वेळ त्याने प्रयत्न केला, मग उठून खणातून काटा काढला, पिठाचा तुकडा काट्याच्या पाठीवर ठेवला आणि अंगठ्याने सफाईने खाली घसरवला. लहानपणी बहिणीशेजारी स्टुलावर उभा राहून शिकलेलं. मातकट रंगाच्या तुकड्यावर चार रेघा. त्याने तो माझ्या कड्यांच्या रांगेत, ताटाच्या एका कडेला ठेवला, आणि दुसरा घेतला. मी काही बोलले नाही. माझी कडी संपली तेव्हा त्याचे वीसेक झाले होते.

साडेसात वाजले होते, तिकडे सकाळचे सहा. आईचा चहा होतो तेव्हा. व्हिडिओ लावला. आईला आता फोनवर फारसं ऐकू येत नाही, कानाचं यंत्र ती लावत नाही. ती फोन डोळ्यांशी नेते, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळा तिचं कपाळ आणि कुंकूच दिसतं. मी तिला ताट दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. मग तिचं बोट पडद्यासमोर आलं, त्याच्या रेघांवर. "हे कुणी वळले?"

मी फोन धाकट्याकडे फिरवला. त्याने पीठ लागलेला हात हलवला. "रेघा कशाला रे?" ती मोठ्याने म्हणाली, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "रस्सा अडकतो, आजी," तो म्हणाला. तिला ते पोहोचलं नसावं. तिने मान मात्र डोलावली.

तव्यातलं पाणी सळसळायला लागलं होतं. मला माहीत होतं तिला ऐकू येणार नाही. तरी मी फोन खाली नेला, तव्याच्या अगदी जवळ. पडद्यावर वाफ बसली, तिचं कपाळ धूसर झालं. पाणी बुडबुडलं, मग आवाज भरत गेला. धाकटा ताट घेऊन शेजारी उभा होता.

"आता टाक," आई म्हणाली.